पहिली जुनी ओम्नी घेताय? इंजिन नंतर, आधी पत्रा बघा

जुनी गाडी बघायला गेलं की सगळे तेच करतात, चावी फिरवायची, रेस मारायची, सायलेन्सरमागं जाऊन धूर बघायचा आणि मान डोलवायची. ओम्नीच्या बाबतीत हे सगळ्यात शेवटी करा. मी आजवर चार गंजक्या ओम्नी दुरुस्त करून उभ्या केल्यात, त्यातली पहिली तर दोनदा करावी लागली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी शहाणा येऊन सांगून गेलाय की इंजिन गोड आहे ना मग घेऊन टाक, पत्र्याचं काय, लांबी, म्हणजे पुट्टी, भरली की झालं. असल्या माणसाला चहा पाजा आणि घरी पाठवा.

ही गाडी १९८४ ला मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ ला ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत बनत होती. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडर, मारुती ८०० च्या घराण्यातलं. त्यामुळं इंजिनचं काहीही गेलं तरी तालुक्याच्या गावात पार्ट मिळतो आणि तो बसवणारा मिस्त्रीपण मिळतो. दरवाजा, काच, बंपर, लाइट हेही मिळतं. पण सरकत्या दरवाज्याखालची सिल म्हणजे उंबऱ्याचा पत्रा, तिच्या आतली पेटी आणि फ्लोअरखालचे मेंबर म्हणजे आधाराच्या पट्ट्या कुठल्या दुकानात टांगलेले दिसणार नाहीत, ते हातानं वाकवून बनवायला लागतात. आणि ट्रकसारखी खाली वेगळी चेसिस नसते हो या गाडीला, सगळा भार त्या बॉडीवरच असतो. म्हणून माझं साधं गणित आहे, सोलापूरकडच्या कोरड्या हवेतली बंद इंजिनची ओम्नी ही मालवणच्या खाऱ्या हवेतल्या चालू ओम्नीपेक्षा कधीही स्वस्त पडते.

नंबरप्लेट बघून लगेच हुरळून जाऊ नका मात्र. एमएच-१३, म्हणजे सोलापूरचा नंबर, लिहिलेली गाडी दहा वर्षं रत्नागिरीत मासे वाहत असू शकते. कुठं वावरली ते विचारा, शेजाऱ्यांना विचारा, आणि मग खाली झोपून बघा. सोबत फ्रिजवरचं लोहचुंबक फडक्यात गुंडाळून न्यायचं आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर. चुंबक जिथं धरत नाही तिथं खाली लांबी आहे. मग मालकाची परवानगी घेऊन सिल, मागच्या चाकांवरची कमान, जॅक लावायची जागा, सरकत्या दरवाज्याची खालची पट्टी आणि बॅटरीच्या बैठकीखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघायचा. कर्रकर्र आवाज येऊन टोक आत गेलं तर मालकाचा चेहरा बघा, त्याला आधीच माहीत असतं. रबरी मॅट उचलायला कुणी नाही म्हणालं तर तिथूनच परत फिरा. खालून ताजं काळं डांबरी कोटिंग मारलेलं असेल तरी मी तरी घेत नाही, सहसा ते गंज झाकायलाच मारलेलं असतं.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसी, चेसिस नंबर गाडीवर स्वतः वाचून जुळवणं, बँकेचा बोजा उतरलाय का, गॅस किट असेल तर आरसीवर त्याची नोंद आहे का. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून थेट ५,००० झाली, वीस वर्षांवरच्या गाड्यांना आता त्याहूनही जास्त, वर आपल्याकडं पर्यावरण कर वेगळा. हे सगळं सौदा करतानाच वजा करा. चेसिस नंबरच्या जागेलाच गंज खात असेल तर गाडी फुकट दिली तरी नको, तो पत्रा कापायचा नसतो.

गाडी घरी आली की सीट, मॅट, ट्रिम सगळं काढा, फोटो काढत जा, बोल्ट डब्यात चिठ्ठी लावून ठेवा. हे सांगायची गरज नाही.

आता सिल. इथं मी अडकलो होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझी पहिली गाडी किनाऱ्यावरचीच होती, तेव्हा एवढी अक्कल नव्हती. डाव्या बाजूची सिल पुढून मागपर्यंत बिस्किटासारखी झालेली. मी काय केलं, मधोमध जॅक लावून गाडी उचलली, ग्राइंडर घेतला आणि आख्खी सिल आतल्या पेटीसकट एका दमात कापून काढली, वाटलं वा काय स्वच्छ काम झालं. उद्यमनगरातून १८ गेजचा पत्रा वाकवून आणला, दोन रविवार घालवून वेल्ड केला, घासला, प्रायमर मारला. जॅक उतरवला, दरवाजा सरकवला तर तो लागेचना. वर करंगळी जाईल एवढी फट आणि खाली घासतोय. रोलर बदलले, पट्टी ठोकली, कुलपाचा हुक सरकवला, काही उपयोग नाही. शेवटी आमच्या गल्लीतल्या जुन्या डेंटरला बोलावलं. त्यानं दरवाजाकडं बघितलंसुद्धा नाही, जॅकच्या जागेकडं बघितलं आणि म्हणाला, "भावा, घराची भिंत पाडताना आधी टेकू लावत्यात का न्हाई?"

झालं होतं असं की सिल हीच तिथली तुळई, ती काढल्यावर बॉडी जॅकवर वाकली आणि मी त्या वाकलेल्या अवस्थेतच नवा पत्रा पक्का करून टाकला. सगळं परत कापलं. दोन रविवार, पत्रा, गॅस, सगळं पाण्यात.

तर आता मी असं करतो. गाडी सपाट जागी, वजन नेहमी जिथं पडतं तिथंच टेकवायची, म्हणजे चाकांवर किंवा सस्पेन्शनच्या जवळ चार भक्कम स्टँडवर, मधोमध जॅक अजिबात नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही हे तर आहेच. गवंडी वापरतात तसली पाण्याची लेव्हल पाइप घेऊन चारही कोपरे सारखे करायचे. मग दरवाज्याच्या चौकटीची दोन्ही तिरपी मापं घ्यायची आणि भिंतीवर खडूनं लिहायची, वहीत लिहू नका, वही हरवते. जुना दरवाजा गंजका असला तरी तो आत्ता नीट लागतोय ना ते बघून घ्या, नसेल लागत तर बॉडी आधीच बसलीय आणि ते काम पहिल्या गाडीवर शिकायचं नाही, जाणत्या माणसाकडं न्या.

त्यानंतर टेकू. इंचाची चौकोनी पाइप घेऊन चौकटीत एक आडवी आणि दोन तिरप्या, वेल्डचे छोटे टाके मारून पक्क्या करायच्या, आणि चौकटीच्या खांबांच्या आतल्या बाजूनं लावायच्या म्हणजे दरवाजा काढायला न लागता मध्येमध्ये लावून बघता येतो. ही एवढीशी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मग सिल वीत वीतभर कापायची. एक वीत काढली, आतली पेटी बनवून बसवली, वरचा पत्रा बसवला, दरवाजा लावून बघितला, भिंतीवरचं माप जुळवलं, मग पुढची वीत. कंटाळवाणं आहे, माझी एक बाजू तीन आठवडे चालते, पण परत कापायला लागत नाही.

कापताना चकाकता पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि वर इंचभर जास्त. गंजावरच नवा पत्रा चढवून देणारे लोक आहेत, स्वस्तात देतात, आणि दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात तेव्हा फोन उचलत नाहीत.

वेल्डिंग सीओटूनंच, म्हणजे तार आपोआप पुढं येणाऱ्या गॅसच्या मशीननं, ०.८ मिमीची तार. साध्या आर्कनं या पत्र्याला भोकं पडतात, हात कितीही चांगला असला तरी. सलग ओढायचं नाही, ठिपका इथं, मग एकदम दुसऱ्या टोकाला, पत्रा हात लावता येईल इतपत थंड झाला की पुढचा ठिपका, नाहीतर पत्रा पापडासारखा फुगतो. सुरू करायच्या आधी पेट्रोलची टाकी खाली उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, गॅसची टाकी असेल तर ती जाणकाराकडून काढून घ्या, बॅटरीची वायर सोडा, पाण्याची बादली जवळ. आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा स्वस्त मिळाला म्हणून आणू नका, त्याचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरते. साधा, बिनमुलाम्याचा सीआरसी पत्रा घ्या.

वेल्ड झाला की घासा, प्रायमर मारा, प्रत्येक जोडावर सीलंट भरा, पेटीच्या आत लांब नळीनं मेणाचा स्प्रे मारा. इथं माझी दुसरी चूक. सिलच्या तळाला कंपनीनं छोटी भोकं ठेवलेली असतात, मला वाटलं इथूनच पाणी आत शिरतं, म्हणून उत्साहात सगळी बुजवली. जुलैत वळणावर गाडी वळवली की आतून डुचमळ डुचमळ आवाज, घागर घेऊन चाललोय असं वाटायचं. ती भोकं पाणी बाहेर जायला असतात, नव्या पत्र्यातही ती पाडायची आणि कोटिंग मारल्यावर तारेनं परत मोकळी करायची.

इंजिन आता बघा. पुढच्या सीटखाली असतं, सीट उचलली की समोर. निळा धूर असेल तर खोलायचं, नसेल तर ऑइल, प्लग, फिल्टर, कार्बोरेटरवालं मॉडेल असेल तर तो साफ. पाण्याचे होज सगळे नवेच टाका, रेडिएटर पुढं नाकाशी आणि इंजिन त्याच्या मागं सीटखाली असल्यामुळं ते लांब असतात आणि त्यात हवा अडकली की गाडी घाटात तापते. ब्रेकचे लायनर आणि सिलिंडर विचार न करता बदला. टायर १४५ आर १२, सहज मिळतात.

रंग चांगल्या पेंटरकडून मारून घ्या, घरी नको.

पण रंगाला देण्याआधी एक करा. दरवाजे, काचा, रबरं सगळं बसवा, टॉर्च घेऊन आत बसा आणि घरातल्या कुणालातरी बाहेरून पंधरा मिनिटं पाइपनं पाणी मारायला लावा. आमच्याकडं हे काम मुलगी करते, काचेवरच जास्त मारते, तिला सांगावं लागतं की चाकाच्या कमानीवर मार. आत जिथं थेंब दिसेल तिथं खडूनं गोल, परत सीलंट, परत पाणी. सगळं कोरडं राहिलं की मग पेंटरला फोन. मॅट सगळ्यात शेवटी, आणि तिच्याखाली तो जाड नमदा चिकटवू नका, तो एकदा भिजला की दिवाळीपर्यंत वाळत नाही.