दिवाळीत घर सजवण्याची तयारी

स्वतंत्र घराची दिवाळीची सजावट वरून खाली करत आणावी, म्हणजे गच्चीच्या कठड्यावरच्या माळा सर्वांत आधी आणि दारातली रांगोळी सर्वांत शेवटी. कारण शिडी लावायची वेळ आली की खाली केलेले सगळे तुडवले जाते. याला किल्ला तेवढा अपवाद आहे. त्याची माती वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यातच कालवायला घ्यावी, कारण उतारांवर पेरलेल्या हळिवाला किंवा मोहरीला हिरवळ धरायला चार-पाच दिवस लागतात. दगड-विटांच्या रचनेवर ओले गोणपाट अंथरून त्यावर चाळलेल्या मातीचा चिखल लिंपावा, आणि पेरणीनंतर पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे, नाहीतर बुरूज ओघळतात. मनाला येईल तसा डोंगर उभारण्यापेक्षा एखादा खरा गड समोर ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. राजगड करायचा असेल तर मधोमध उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा व संजीवनी या माच्या, म्हणजे बालेकिल्ल्याखालचे तटबंद सपाट भाग, मुलांकडूनच आखून घ्याव्यात. गडाची ओळख त्यांना अशी हातातून होते.

विजेच्या माळा टांगण्याआधी प्रत्येक माळ जमिनीवर पसरून तासभर पेटती ठेवावी. ६ अँपिअरच्या प्लगवर २३० व्होल्टला साधारण १,३८० वॅटपर्यंत भार चालतो आणि एलईडी माळांना त्याच्या तुलनेत फारच थोडी वीज लागते, त्यामुळे खरा धोका भारापेक्षा उघड्या जोडांचा असतो. परतीचा पाऊस ऑक्टोबरात केव्हाही गाठतो, पहाटे दवही पडते; म्हणून बाहेरचे सर्व जोड पन्हाळीखाली किंवा बंद डबीत घ्यावेत, माळा खिळ्यांऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधाव्यात, आणि घरात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवलेला असेल तर त्याचे चाचणीचे बटण एकदा दाबून पाहावे.

आकाशकंदील घरी करणार असाल तर बांबूच्या कामट्या, दोरा, पतंगी कागद आणि मैद्याची खळ एवढे सामान पुरते. झिरमिळ्या मात्र कंदील टांगल्यावर चिकटवाव्यात, म्हणजे त्या चुरगळत नाहीत. कंदिलाचा भार वायरवर न येता नायलॉनच्या दोरीवर यावा, आणि आत ५ ते ७ वॅटचा एलईडी दिवाच लावावा, कारण जुन्या पिवळ्या बल्बच्या उष्णतेने कागद करपतो.

कोऱ्या पणत्या काही तास पाण्यात भिजवून सुकवाव्यात, म्हणजे त्या तेल कमी पितात. त्या पडद्यांपासून आणि जिन्याच्या वाटेपासून दूर मांडाव्यात.

झेंडूची फुले लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी आणून तोरणे रात्री ओवावीत. अंगण झाडून, सारवून किंवा गेरूने रंगवून पूर्ण सुकल्यावरच रांगोळीला बसावे, कारण ओलसर जमिनीवर रंग फुटतात आणि ठिपके पसरतात.

अनेक घरांत कंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत ठेवतात. उतरवताना प्रत्येक माळ वेगळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळून तिची जागा त्यावर लिहून ठेवावी.