जुनं खेळण्यातलं वाफेचं इंजिन: आधी बॉयलर, मग बाकीचं

मामोड किंवा विलेस्को या खेळण्यातली वाफेची इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांचं पितळी बॉयलरचं छोटं इंजिन जुन्या बाजारातून किंवा वाड्यातल्या एखाद्या संदुकीतून हाती लागलं, की बहुतेक जण आधी पितांबरी किंवा चिंच घेऊन घासायला बसतात. कृपा करून तसं करू नका. बॉयलरवरचा काळेपणा, तांबूस डाग, झाळेचे (सोल्डरचे) ओघळ यांवरूनच कळतं की या बॉयलरमध्ये पुन्हा वाफ भरायची की नाही. घासून चकचकीत केलं की हा पुरावा जातो. चकाकी सगळ्यात शेवटी.

शाळेच्या प्रयोगशाळेत असतं ते कापीव मॉडेल, म्हणजे ज्यात सिलिंडर अर्धा उघडा असतो आणि दट्ट्या (पिस्टन) दिसतो, ते या लेखाचा विषय नाही. ते फक्त हाताने फिरवून दाखवण्यासाठी असतं, त्याला वाफ लावायची नसते.

बॉयलर पारखणं

उजेडात धरून चार गोष्टी बघा. दोन्ही टोकांच्या झाकणांवर स्टीलची पट्टी टेकवा. एक झाकण दुसऱ्यापेक्षा बाहेर फुगलेलं असेल तर त्या बॉयलरने कधीतरी जास्त दाब सोसला आहे. सांध्यावर झाळेचे थेंब लोंबकळत असतील किंवा तळाशी ओघळ आला असेल तर तो कोरडा तापला आहे. पितळेवर गुलाबी, तांब्यासारखे चट्टे असतील तर तिथलं जस्त निघून गेलं आहे. मागे राहिलेला धातू आतून सच्छिद्र आणि ठिसूळ असतो, रंग तेवढा तांब्याचा. शेवटचं म्हणजे पोचे. तळाचा उथळ पोचा चालतो, सांध्यालगतचा नाही.

फुगलेलं झाकण किंवा मोठा गुलाबी चट्टा दिसला तर त्या बॉयलरला वाफ नको. इंजिन हवेवर छान फिरतं, तेवढ्यावर समाधान माना.

खोलणं

प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि स्क्रू ज्या भोकातले त्या क्रमाने थर्माकोलमध्ये खोचून ठेवा. अडकलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुडाशी डब्ल्यूडी-४० किंवा डिझेलचे दोन थेंब सोडून २४ तास थांबा, मग बरोबर मापाचा पाना लावा. पक्कड लावली की षटकोनाचे कोपरे गोल होतात आणि पुढे कुठलाच पाना धरत नाही.

इंग्लिश बनावटीच्या इंजिनांत आटे बहुधा जुन्या ब्रिटिश पद्धतीचे असतात, उदाहरणार्थ बीए (ब्रिटिश असोसिएशन) मापाचे. हे विसरल्यामुळे फार नुकसान होतं. ६ बीएचा स्क्रू २.८ मिमीचा, आपल्याकडे हार्डवेअरमध्ये मिळतो तो एम३ चा स्क्रू ३ मिमीचा. दिसायला भाऊ-भाऊ, पण बीएच्या आट्यांचा कोन ४७.५ अंश आणि मेट्रिकचा ६०. दोन फेरे जातो, मग घट्ट होतो, जोर लावला की पितळेतले आटे कापले जातात. हरवलेला स्क्रू लेथवाल्याकडून करून घ्या. वाळूज, चिकलठाणा, जालना, लातूर, कुठल्याही एमआयडीसीत लहान कामं घेणारा लेथवाला सापडतो. जाताना नमुन्याचा एक चांगला स्क्रू घेऊन जा.

आतला क्षार

बोअरचं पाणी कूलरच्या गवतावर कशी पांढरी खपली धरतं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. तीच खपली बॉयलरच्या तळाशी बसते. तिच्यामुळे उष्णता पाण्यात जात नाही आणि खालचं पितळ गरजेपेक्षा जास्त तापतं.

सिरिंजने पाणी भरून बॉयलरचं माप काढा. १०० मिली कोमट पाण्यात ३ ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) विरघळवून आत भरा. फसफसायला लागेल. गॅस बाहेर पडला पाहिजे, म्हणून तोंडं उघडीच ठेवा. २० ते ३० मिनिटांनी हलवून ओतून टाका. पाणी दुधाळ आलं तर पुन्हा तेच करा, हवं तर तीन वेळा. पण रात्रभर भिजत ठेवू नका, आम्ल क्षार संपला की पितळेतलं जस्त खायला लागतं. पाण्यावर निळसर-हिरवी झाक आली की तिथेच थांबा. नंतर पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून खंगाळा, मग साध्या पाण्याने दोनदा धुवा.

गळती आणि दाबाची परीक्षा

फिशटँकची नळी वाफेच्या तोंडाला लावा, बाकीची तोंडं बंद करा, बॉयलर बादलीत बुडवून तोंडाने फुंका. बुडबुडे जिथून येतील तिथे पेन्सिलने खूण करा. व्हॉल्व्हच्या बुडातून येत असतील तर नवा फायबर वॉशर पुरतो. ओ-रिंग लावायची तर व्हायटॉन रबराची घ्या, साधी नायट्राइल रबराची वाफेत कडक होऊन तडकते.

सांध्यातून येत असतील तर पुन्हा झाळावं लागेल. साधं ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांना वितळतं. १.५ बार दाबाची वाफ १२७ अंशांच्या आसपास असते, म्हणजे पाणी आहे तोवर सांधा सुरक्षित. पाणी संपलं की ज्योत थेट पत्र्याला तापवते आणि काही क्षणांत सांधा सुटतो. म्हणून चांदीमिश्रित कथलाचं सोल्डर घेतलेलं बरं, ते २२१ अंशांना वितळतं. सांधा लख्ख घासा, फ्लक्स (झाळ नीट धरावी म्हणून लावायचा लेप) लावा, आख्खा बॉयलर हळूहळू तापवा. दुसऱ्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली नाही तर एक सांधा जुळताना दुसरा उघडतो. एम-सील किंवा अ‍ॅराल्डाइट बॉयलरला लावू नका. उष्णतेने ते मऊ पडतं आणि पुढच्या माणसाला तिथे सोल्डर धरत नाही.

मग दाबाची परीक्षा, आणि ती पाण्यानेच. दाबलेली हवा सांधा फुटला की पत्रा फेकते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे फक्त चूळ उडते. पाठीवरचा हातदांड्याचा फवारणी पंप या कामाला चांगला उपयोगी पडतो. मात्र तो कोरा हवा, कीटकनाशक भरलेला नको. नोझल काढून नळी बॉयलरला जोडा, मध्ये टी लावून ० ते ४ बारचा प्रेशर गेज बसवा, सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बूच लावा. आत हवेचा एक बुडबुडाही ठेवू नका. अशा इंजिनांचा कामाचा दाब साधारण १ ते १.५ बार असतो. जुन्या पण न उघडलेल्या बॉयलरला त्याच्या दीडपट आणि नव्याने झाळलेल्याला दुप्पट दाब द्या, १० मिनिटं ठेवा. काटा उतरला किंवा झाकण पट्टीवर हललं तर नापास.

सेफ्टी व्हॉल्व्हची स्प्रिंग गंजलेली असेल तर आख्खा व्हॉल्व्ह नवा आणा. स्प्रिंग आवळून किंवा वॉशर घालून दाब वाढवण्याचा विचारही करू नका.

सिलिंडर

डुलत्या सिलिंडरच्या, म्हणजे ज्यात सिलिंडर स्वतःच मागेपुढे डुलतो अशा इंजिनात वाफ आत-बाहेर जाण्याचं सगळं काम दोन सपाट पृष्ठभागांवर चालतं: सिलिंडरची पाठ आणि ती जिच्यावर टेकते ती पट्टी. तिथे ओरखडा असला की इंजिन फुसफुसतं आणि फिरत नाही.

जाड काचेचा तुकडा घ्या, त्यावर १००० नंबरचा पॉलिश पेपर पसरा, तेलाचे चार थेंब टाका. सिलिंडरची पाठ पेपरवर टेकवून मराठी ४ काढल्यासारखा हात फिरवा. बोटांचा भार मधोमध ठेवा, एका कडेला गेला की पृष्ठभाग तिरका होतो. दहा-बारा फेऱ्यांनी उलटून बघा. घासलेला भाग राखाडी आणि खोल राहिलेला भाग पिवळा चमकदार दिसेल. भोकांभोवती सगळीकडे एकसारखा राखाडी आला की थांबा, शेवटी १५०० चा हात द्या. भोकांत अडकलेली पूड सुईने काढून धुतल्याशिवाय जोडणी करू नका.

स्प्रिंगचा ताण हाताने ठरवावा लागतो. सिलिंडर बोटाने सहज डुलला पाहिजे आणि सोडल्यावर पट्टीला चिकटून राहिला पाहिजे. ताण जास्त झाला तर घर्षण इंजिनाला थांबवतं, कमी झाला तर वाफ मधूनच निसटते.

दट्ट्याला पॅकिंगची खाच असेल तर पाण्याच्या पंपाच्या दुकानात मिळणारी ग्रॅफाइटची ग्लँड दोरी उसवून तिचा एक पदर गुंडाळा. आधीचं जुनं पॅकिंग पांढरं-करडं, तंतूंचं असेल तर ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून, मास्क लावून काढा, कोरडं खरवडू नका.

तेल स्टीम सिलिंडरचंच घ्या, ४६० ग्रेडचं. साखर कारखान्यांना वंगण पुरवणाऱ्या दुकानांत विचारा. इंजिन ऑइल ओल्या वाफेत धुऊन जातं, आणि गिअर ऑइलमधले गंधकाचे घटक पितळ काळं करतात.

आधी हवा, मग वाफ

जोडणी झाल्यावर सायकलच्या पंपाने हवा देऊन चाकाला बोटाने गती द्या. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावू नका, त्याचा दाब या इंजिनाला झेपणार नाही. हवेवर दहा मिनिटं न अडखळता फिरलं की वाफेची वेळ आली.

पाणी आरओचं, जारचं चालेल, किंवा गाळलेलं पावसाचं. गरम करून भरा, बॉयलर तीन-चतुर्थांशच. बॉयलरखालच्या दिव्यातलं स्पिरिट पाण्याच्या आधी संपलं पाहिजे, या एका नियमावर बॉयलरचं आयुष्य आहे. पहिल्या वेळी दिव्यात १० मिलीच घाला, विझल्यावर उरलेलं पाणी मोजा आणि पुढचं माप त्यावरून ठरवा. किमान एक-तृतीयांश पाणी उरलंच पाहिजे. जळत्या किंवा गरम दिव्यात स्पिरिट ओतू नका. अंगणात उन्हात इंजिन चालवू नका, स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही आणि हात भाजतो. सावलीत, वारा नसेल तिथे, लोखंडी ताटात ठेवून चालवा.

सुरुवातीला नळीतून पाण्याचे थेंब थुंकले जातात, सिलिंडर थंड असल्याने वाफ तिथे निवते. चाक हाताने आठ-दहा वेळा फिरवा, मोकळं होईल. दाब चढूनही चाक फिरत नसेल तर बहुधा स्प्रिंग घट्ट आहे. फिरून लगेच मंदावत असेल तर पाठ गळते. दाब चढतच नसेल तर दिव्याची वात आणि व्हॉल्व्हची बैठक बघा. व्हॉल्व्ह कामाच्या दाबाला उघडलाच नाही तर लगेच दिवा काढा.

भट्टीच्या पत्र्याला मोटारसायकलच्या सायलेन्सरचा काळा रंग पुरतो. बाकी मूळ रंग टिकून असेल तर त्याला हात लावू नका.

चालवून झालं की दाब उतरू द्या, बॉयलर गरम असतानाच व्हॉल्व्ह कापडाने धरून काढा आणि पाणी ओतून टाका. उरलेल्या उष्णतेने आतला ओलावा उडून जातो. सिलिंडरमध्ये तेलाचे दोन थेंब टाकून चाक फिरवा आणि व्हॉल्व्ह न लावता, तोंड उघडं ठेवूनच इंजिन कपाटात ठेवा.