छोट्या ट्रॅक्टरला स्वस्तात समोरची फळी बसवताय? या चुका टाळा

मोबाइलवर समोरच्या लोखंडी फळीने बर्फ लोटणाऱ्या लॉन ट्रॅक्टरचा व्हिडिओ दाखवून "भाऊ, अस्संच करून द्या" म्हणणारं गिऱ्हाईक दर पावसाळ्याआधी माझ्या शेडमध्ये येतंच. ट्रॅक्टर असतो पंधरा-अठरा एचपीचा, संत्र्याच्या ओळींत फिरणारा. काम असतं पांदणीवरचा गाळ सारण्याचं, मुरूम पसरवण्याचं, शेणखताचा ढीग लोटण्याचं. पैसे कमी आहेत म्हणून माझं काही बिघडत नाही. भंगारातल्या मालातूनही झकास फळी होते. डोकं तापतं ते व्हिडिओतला माल कोणता हे न पाहता ब्रॅकेटची नक्कल मागणाऱ्यांवर. ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला शे-दीडशे किलो भरतो. आपली काळी माती ओली झाली की सतराशे-अठराशेच्या घरात जाते. तिकडे जे ब्रॅकेट दहा हिवाळे काढतं, ते नागपूर जिल्ह्यातल्या काटोल-नरखेडच्या वावरात एक पावसाळा काढेल याची हमी मी देणार नाही.

फळी पुढच्या एक्सलला टांगणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एक्सल समोरच असतो, हाताशी असतो, दोन अँगल कापून जोडले की तासाभरात काम दिसायला लागतं. म्हणून घाईचा माणूस तिथेच हात घालतो.

बहुतेक शेती ट्रॅक्टरांना वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा एक्सल एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि हीच ट्रॅक्टरची पाठ. सर्वांत पुढे असतो तो बिडाचा बोल्स्टर. पुढचा एक्सल आणि रेडिएटर सांभाळायला तो केलेला आहे, धडक घ्यायला नाही. बीड वाकत नाही, सरळ तुटतं.

काटोलकडच्या एका बागाईतदाराने गावातल्याच वेल्डरकडून अशी फळी करून घेतली होती. बागेतली जुनी झाडं काढून नवी कलमं लावायची होती, तर जमीन सारखी करायला घेतली. एका झाडाचा खुंट मातीखाली तसाच राहिलेला. गडी दुसऱ्या गिअरमध्ये, थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. बोल्स्टरचा एक कान तुटून खाली, इंजिनाच्या तोंडाकडच्या बोल्टांनी आटे ओढून काढलेले, रेडिएटर मागे सरकून पंख्यावर. आणि फळी? फळीला ओरखडा नाही. ट्रॅक्टर टेम्पोत घालून माझ्याकडे आणला तेव्हा तो वेल्डरही सोबत आला होता. मला म्हणतो, "माझं काम तपासून घ्या, एक टाका हलला असेल तर सांगा." खरंच हलला नव्हता. जे तुटायला पाहिजे होतं ते इतकं मजबूत केलं होतं की जे तुटायला नको तेच तुटलं. बोल्स्टर नवा, रेडिएटर नवा, आटे पुन्हा पाडून घेणं, वर ऐन हंगामात ट्रॅक्टर शेडमध्ये उभा. तेवढ्या पैशांत चांगल्या मालाच्या दोन फळ्या झाल्या असत्या.

मी ७५ बाय ४० एमएमचे दोन लोखंडी चॅनल फळीपासून ट्रॅक्टरच्या पोटाखालून थेट मागच्या एक्सल हाउसिंगपर्यंत नेतो आणि तिथे यू-बोल्टने आवळतो. यू-बोल्ट जुन्या जीपच्या कमानपाट्याचे चालतात, भंगारात सहज मिळतात. पुढे फक्त उंची धरून ठेवणारा झुलता आधार, जोर त्याच्यावर येऊ द्यायचा नाही. फळी जमिनीवर टेकली की चॅनल जमिनीला शक्य तितके समांतर राहिले पाहिजेत. मागचं टोक फार वर ठेवलं तर फळी मातीत घुसत जाते, मग गिऱ्हाईक म्हणतं, "इंजिनात दम नाही."

फळी आणि चॅनलच्या मध्ये मी दोन बिजागऱ्या देतो. वरच्या बाजूला एक मुद्दाम कमजोर बोल्ट, डोक्यावर ४.६ लिहिलेला. खुंट लागला की बोल्ट कापला जातो, फळी पुढे कलंडते, ट्रॅक्टर वाचतो. बोल्ट चार आण्याचा नसला तरी बोल्स्टरपुढे काहीच नाही. दोनदा बोल्ट तुटला की लोक चिडून ८.८ चा मजबूत बोल्ट टाकतात. राजेहो, तो तुटण्यासाठीच आहे. ट्रॅक्टरच्या डब्यात असे पाच-सहा ठेवा. ज्या पिनांवर फळी फिरते तिथे मात्र चांगलाच माल पाहिजे.

आणि ट्रॅक्टरवर वेल्डिंग करताना बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या शेजारीच लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंगचं आयुष्य तिथेच संपतं.

वापसा नसताना घुसणं

फळी बसली की ती चालवून पाहायची इतकी घाई असते, की रात्री पाऊस पडला आणि सकाळी गडी वावरात. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, लोण्यासारखी चाकाला चिकटते. टायरच्या खाचा भरल्या की मागचं चाक नुसतं फिरतं. मग गडी क्लच अर्धा दाबून रेटत बसतो, आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास आला की फोन मला. वापसा येईपर्यंत, म्हणजे माती कामापुरती सुकेपर्यंत, थांबा. मूठभर माती दाबा, गोळा व्हावी आणि बोटाने टोचली की फुटावी. पांदणीवर मुरूम असेल तर लवकर जाता येतं, वावरात नाही.

संत्र्याच्या बागेत तर घाई आणखी वाईट. सहा मीटरच्या ओळीत छोटा ट्रॅक्टर आरामात फिरतो, म्हणून लोक खोडापर्यंत फळी नेतात. अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या बहुतांश वरच्या फुटभर थरातच असतात, त्या खरवडल्या जातात. वर सारलेली माती खोडाशी ढीग करून ठेवतात, दिसायला छान आळं केल्यासारखं. कलमाचा जोड मातीत दबतो, खोड ओलं राहतं आणि फायटोफ्थोरा बुरशीला हेच पाहिजे असतं. डिंक्या लागला की झाड हळूहळू जातं, आणि फळीने आणलेला रोग फळीवर कोणी घेत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावता (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), मग त्याच खोडाला मातीत कशाला गाडता? मी गिऱ्हाइकाला सांगून ठेवतो, पानांच्या घेराच्या आत फळी जमिनीला टेकवायची नाही. किती जण ऐकतात ते जाऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

दोनशे लिटरच्या ड्रमचा पत्रा फळीला पुरत नाही, पहिल्याच दगडाला पिचतो. पाच-सहा एमएमची प्लेट घ्या किंवा मोठ्या पाइपचा तुकडा चिरून घ्या, त्याची गोलाई आयतीच मिळते. आणि डिझेल-पेट्रोल किंवा थिनर ठेवलेला ड्रम गॅस कटरने कधीच कापू नका. रिकामा असला तरी आतली वाफ पेट घेते. यात मी कोणाशी वाद घालत नाही, असं काम शेडमध्ये घेतच नाही.

धारेला ट्रकचा कमानपाटा उत्तम, पण वेल्डिंगने चिकटवू नका. त्यात कार्बन जास्त, टाक्याच्या कडेने चीर जाते. भोकं पाडून बोल्टने बसवा, झिजला की उलटा फिरवता येतो.

गोठ्याच्या काँक्रीटवर शेण लोटायचं असेल तर लोखंडी धार नकोच. कोळसा खाणीतल्या कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा आपल्याकडे भंगारात सापडतो, त्याची पट्टी लावा.

रुंदीचा हिशेब फळी तिरपी धरून करा. ४८ इंची फळी ३० अंश तिरपी केली की जेमतेम साडेएकेचाळीस इंच वाट मोकळी करते. तुमची चाकं त्याच्या बाहेर असतील तर सारलेल्या मातीवरच चालाल.

मागे वजन हवंच. चाकात पाणी भरा, व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण चाक. बर्फाच्या मुलखात पाणी गोठू नये म्हणून त्यात कॅल्शियम क्लोराइड घालतात. इथे नागपुरात २०१८ च्या डिसेंबरात पारा ३.५ अंशांवर आला होता, तरी कोणाचं चाक गोठलं नाही, तेव्हा साधं पाणी पुरे.

उचलायला इलेक्ट्रिक विंच नको, छोट्या ट्रॅक्टरची बॅटरी तेवढी नसते. मागच्या लिफ्टवरून पुलीतून साखळी पुढे घ्या. वायर रोप घेऊ नका, तंतू तुटून हाताला लागतात. साखळीने फळी जमिनीवर मोकळी तरंगते हेही बरंच आहे. दाबून धरणारा जॅक लावला की पुढची चाकं उचलली जातात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरतं.

फळी वर उचलून बांधली की रेडिएटरसमोर येते का ते बघा. मेमध्ये ४५-४६ अंशांत मुरमाचं काम करताना इंजिन तापण्याचं निम्मं कारण तेच असतं. उंची कमी करा. फळीच्या वरच्या कडेला भोकं पाडू नका, त्याने काही होत नाही.

रस्त्याने जायचं तर फळी काढून ट्रॉलीत टाका. दोन पिना आणि एक साखळी, यापेक्षा जास्त काही सोडावं लागत असेल तर जोडणी चुकली आहे, ती आधी माझ्याकडे नाहीतर दुसऱ्या कोणाकडे दुरुस्त करून घ्या.