कामावरची गंमत फसते कुठे? या चुका टाळा

आयटीआय करून आलेल्या पोराला पहिल्याच दिवशी स्टोअरला पिटाळतात. "जा रे भो, डाव्या हाताचा पाना घेऊन ये." असा पाना मुळात नसतोच. स्टोअरवालाही सामील असतो, तो म्हणतो, माझ्याकडचा संपला, पलीकडच्या शेडमध्ये विचार. पोरगं चार शेड फिरून घामाघूम परत येतं, सगळे हसतात, आणि त्याच्या हातात चहाचा कप ठेवतात. जळगावच्या एमआयडीसीत मी हे कितीदा पाहिलंय. मला ही गंमत मनापासून आवडते, नव्या माणसाला आपल्यात घेण्याची ती रीत आहे. फक्त ती करताना काही चुका हमखास होतात.

खऱ्या वस्तूची थट्टा

"उलट्या आट्यांचा नट आण" असं गमतीत कधी सांगू नका, कारण तो खरोखर असतो. सायकलच्या डाव्या पायडलला आटे उलटेच असतात. गॅस कटिंगच्या सेटवर ऑक्सिजनचे आटे सुलटे आणि ॲसिटिलीनचे उलटे मुद्दाम ठेवतात, म्हणजे एकाची नळी दुसऱ्याला चुकूनही बसू नये. ओळख पटावी म्हणून त्या नटाच्या कोपऱ्यांवर खाच असते. आमच्याकडे एका पोराची उलट्या आट्यांवरून भरपूर थट्टा झाली. आठवड्याने वेल्डर आप्पांनी त्याला सांगितलं, "हा नट उलटा फिरव." त्याला वाटलं, पुन्हा गंमत चाललीये. त्याने नेहमीसारखाच जोर लावला आणि आटे गेले. दोष त्याचा नव्हता. थट्टा झाली त्या दिवशी खरं काय ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्याकडे असं झालं असेल तर आजच त्याला सेटजवळ न्या आणि खाचेवरून बोट फिरवायला लावा.

हवेची गंमत

कॉम्प्रेसरचा हवेचा पाइप कुणाच्या अंगावर रोखणं, ही मात्र गंमतच नाही. कारच्या टायरात 30 ते 35 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा असते, कॉम्प्रेसरच्या टाकीत 100 च्या वर. ती हवा शरीरात शिरली तर आतडं फाटतं, माणसं यात गेली आहेत. कपड्यावरची धूळसुद्धा या हवेने झटकू नका. कुणी कुणावर पाइप रोखलेला दिसला तर आधी व्हॉल्व्ह बंद करा, बोलणं नंतर.

ऑफिसात वेळ चुकते

डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट वॉलपेपर म्हणून लावायचा आणि खरे आयकॉन लपवायचे, ही जुनी खोडी. समोरचा क्लिक करत बसतो. उपाय सोपा: मोकळ्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, शो डेस्कटॉप आयकॉन्स. पण जीएसटीचं रिटर्न भरायच्या 20 तारखेला अकाउंटंट ताईंच्या कॉम्प्युटरला हात लावू नका. त्या दिवशी कुणालाच हसू येत नाही.

व्हॉट्सॲपवर चुकीच्या ग्रुपमध्ये विनोद गेला तर दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळापर्यंत तो सगळ्यांसाठी डिलीट करता येतो. घाईत "डिलीट फॉर मी" दाबलं तर लगेच खाली "अनडू" दिसतं, पण काही सेकंदच.

माणसाच्या बोलीवर हसणं

पुण्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये शिरपूरच्या पोराच्या तोंडून "काय करी ऱ्हायना भो?" निघालं की काही जण खुदकन हसतात. मला याचा राग येतो. हसायचं तर नेटच्या बिघाडावर हसा: "सर्व्हर मे महिन्यातल्या भुसावळसारखा तापलाय", "फाइल रावेरच्या केळीच्या ट्रकमागे अडकली". अशात सगळे सामील होतात.

यंत्राच्या बिघाडावर हसायची परंपरा मोठी आहे. 1947 मध्ये हार्वर्डच्या मार्क टू संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, एक पतंग (उडणारा किडा) सापडला. तिथल्या लोकांनी तो वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं की "बग" (इंग्रजीत किडा) प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. बिघाडाला "बग" म्हणायची पद्धत इंजिनिअरांत आधीपासून होती, म्हणून तो विनोद जमला.

फसल्यावर काय करायचं

"गंमत केली रे" म्हणू नका. एकट्याला गाठून "चुकलं भो माझं" म्हणा आणि त्याचा जेवढा वेळ गेला तेवढं त्याचं काम उरकून द्या. आटे गेले त्या दिवशी आप्पांनी तेच केलं. नवा नट स्वतः आणून त्याच पोराकडून बसवून घेतला. तो आता फिटर आहे. नव्या पोरांना डाव्या हाताच्या पान्यासाठी तोच पिटाळतो, आणि शिफ्ट सुटायच्या आधी गॅस सेटजवळ नेऊन खाच दाखवतो.