खिळा, तार, सेल आणि न जुळणारी निरीक्षणं: विद्युतचुंबक शिकवणाऱ्या नव्या शिक्षकांसाठी

आठवीच्या ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’ या पाठात विद्युतचुंबक येतो. बहुतेक वर्गांत तो पाच मिनिटांत उरकतो: शिक्षक खिळ्याला तार गुंडाळतात, सेल जोडतात, टाचण्या चिकटतात, मुलं टाळ्या वाजवतात. असं होतं एवढं त्यातून कळतं, पण ते कशावर अवलंबून आहे हे मुलांनी स्वतः शोधलेलं नसतं. शोधायला दिलं की निरीक्षणं विस्कटतात, आणि नवे शिक्षक तिथेच घाबरून फळ्यावरच्या निष्कर्षाकडे वळतात. तसं करू नका. विस्कटलेली निरीक्षणं का विस्कटली हे शोधण्यातच या पाठातलं खरं विज्ञान आहे. त्यासाठी तुम्हाला कारणं आधीपासून माहीत हवीत.

साहित्यापासून सुरुवात करू. तार मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून घ्या. तिथे इनॅमलचा, म्हणजे वीज अडवणाऱ्या लेपाचा, थर असलेली तांब्याची तार वजनावर मिळते. 26 गेजची मागा. तिची जाडी साधारण 0.46 मिलिमीटर असते. 100 ग्रॅम तार 65 मीटरच्या आसपास भरते. प्रत्येक गटाला 3 मीटर दिली तरी चाळीस मुलांच्या वर्गाला, म्हणजे चौघांच्या दहा गटांना, ती पुरून उरते. तिथे ॲल्युमिनियमची तारही असते आणि इनॅमलमुळे ती फसवते. टोक खरवडून पाहा: आतून पांढरी निघाली तर परत करा, कारण ती वाकवताना लवकर तुटते आणि तिचा रोधही जास्त असतो.

खिळे साधे, चार इंची. काँक्रीटचे खिळे नकोत. ते कडक पोलादाचे असतात आणि एकदा चुंबकित झाले की चुंबकत्व सोडत नाहीत. स्टेनलेसचे बरेचसे खिळे-स्क्रू चुंबकाला दादच देत नाहीत. शिवाय प्रत्येक गटाला मोठ्या आकाराचे (डी) दोन सेल, सेलचा डबा, काचपेपर, चिकटपट्टी, 6 मिलिमीटरची स्ट्रॉ किंवा बॉलपेनची रिकामी नळी, आणि एकाच पाकिटातल्या कागद अडकवायच्या क्लिपा द्या. टाचण्या बोटांना टोचतात आणि एकमेकींत गुंततात, म्हणून क्लिपा बऱ्या. पाकीट विकत घेण्याआधी क्लिपांना चुंबक लावून बघा.

9 व्होल्टची चौकोनी बॅटरी आणू नका. तिचा अंतर्गत रोध जास्त असल्याने जादा व्होल्ट असूनही खिळा दुबळाच राहतो. लिथियमचे सेल, पॉवर बँक, मोबाईलचा चार्जर आणि इन्व्हर्टरची बॅटरी तर वर्गात येताच कामा नयेत. आपल्या वेटोळ्याचा रोध जेमतेम पाव ओहम असतो, म्हणजे अशा स्रोताला ते जवळजवळ शॉर्ट सर्किटच. घरच्या प्लगबद्दल मुलांना स्पष्ट शब्दांत बजावा. प्रयोग आवडला की घरी करून पाहायची इच्छा होतेच.

तार थेट खिळ्यावर गुंडाळण्यापेक्षा स्ट्रॉवर गुंडाळावी. मग आतला गाभा बदलता येतो: खिळा, पेन्सिल, ॲल्युमिनियमची सळई किंवा नुसती हवा. दोन्ही टोकांना 30 सेंटिमीटर तार मोकळी सोडा, पहिला वेढा चिकटपट्टीने पक्का करा आणि वेढ्याला वेढा लागून एकाच दिशेने गुंडाळत जा. 100 वेढे साधारण 5 सेंटिमीटर लांबीत एका थरात बसतात. मध्येच कोणी हात बदलून उलट दिशेने गुंडाळलं तर पुढचे वेढे आधीच्या वेढ्यांचं चुंबकत्व खोडून काढतात. एखाद्या गटात हे झालं तर लगेच दुरुस्त करू नका. 50 वेढे एका दिशेने आणि 50 उलट, अशा वेटोळ्याने कितीतरी कमी क्लिपा उचलल्या जातात हे वर्गाने पाहावं आणि कारण गटानेच सांगावं.

वेगवेगळ्या वेढ्यांसाठी दरवेळी नवं वेटोळं करायची गरज नाही. 25, 50 आणि 75 व्या वेढ्यापाशी तारेचा 3 सेंटिमीटरचा फास बाहेर काढून पिळा, तो खरवडा आणि पुढे गुंडाळा. सुरुवातीच्या टोकापासून हव्या त्या फासापर्यंत सेल जोडला की तेवढेच वेढे कामाला लागतात. वेटोळ्याची सुरुवात मात्र क्लिपा उचलणाऱ्या टोकाकडून करा, नाहीतर 25 वेढे खिळ्याच्या दुसऱ्या टोकाला पडतात आणि तुलना बिघडते.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी गोष्ट: तारेची टोकं. ‘बाई, आमचा चालतच नाही’ असं सांगणाऱ्या गटांपैकी बहुतेकांचं इनॅमल नीट निघालेलं नसतं. टोकाचे 2 सेंटिमीटर चहूबाजूंनी, तांब्याचा गुलाबी रंग चमकेपर्यंत घासावे लागतात. एकाच बाजूने घासून भागत नाही. तपासायला टॉर्चचा छोटा बल्ब मालिकेत जोडा. एलईडी चालणार नाही, एका सेलच्या 1.5 व्होल्टवर तो पेटत नाही.

क्लिपा उचलण्याआधी दहा मिनिटं चुंबकसूचीसाठी ठेवा. खिळा न घालता वेटोळ्याला सेल जोडला की सूची वळते, सेल उलटा केला की विरुद्ध दिशेने वळते. 1820 मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी नुसत्या तारेजवळ हेच पाहिलं होतं. इथे आपल्याकडची एक गोष्ट जरूर सांगा. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतलं भूचुंबकीय मापन अलिबागला नेलं आणि 1904 पासून ते तिथे सुरू झालं. ट्रामच्या विद्युतधारेचं चुंबकत्व पृथ्वीच्या नाजूक मापनात मिसळलं असतं. सूची खिळा घातलेल्या वेटोळ्यापासून किमान 10 सेंटिमीटर दूर ठेवायला सांगा. फार जवळ नेली तर स्वस्तातल्या सूचीचे ध्रुव कायमचे उलटतात आणि पुढच्या वर्गाला उत्तर दिशा दक्षिणेला सापडते.

मग मुख्य प्रश्न: वेढे वाढवले तर ओढ किती वाढेल? आधी प्रत्येक गटाने अंदाज वहीत लिहावा. पसरट ताटलीत क्लिपा, त्यात खिळ्याचं टोक, सेल जोडायचा, 5 सेकंदांत उचलायचं, सेल तोडायचा, पडलेल्या क्लिपा मोजायच्या, अर्धा मिनिट थांबायचं. प्रत्येक वेढेसंख्येला तीन वेळा. ही विश्रांती चुकवू नका: तार गरम होते आणि सेल दमतो.

सेल दमणं हीच मोठी गोम. साध्या झिंक-कार्बन सेलमधून एक-दोन ॲम्पिअर ओढले की त्याचं विभवांतर झपाट्याने खाली येतं आणि विश्रांतीनंतर थोडंच सावरतं. मुलं 25, 50, 75, 100 या क्रमाने मोजतात, म्हणजे सर्वांत जास्त वेढ्यांना सर्वांत थकलेला सेल मिळतो. आलेख चढतो, मग आडवा होतो, आणि मुलं लिहितात, ‘75 नंतर वेढे वाढवून उपयोग नाही.’ निष्कर्ष चुकीचा, निरीक्षण मात्र खरं. इथे इतकंच विचारा: ‘आता पुन्हा 25 वेढ्यांवर मोजा, पहिल्याइतक्याच क्लिपा येतात का?’ येत नाहीत. मग दोन गटांना उलट क्रमाने, 100 पासून 25 पर्यंत, मोजायला द्या आणि दोन्ही आलेख शेजारी लावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला प्रसंग या इयत्तेत क्वचित मिळतो.

दोन सेल जोडले की ओढ दुप्पट व्हावी अशी मुलांची अपेक्षा असते, आणि तीही मोडते. सेलचा स्वतःचा रोध वेटोळ्याच्या रोधापेक्षा जास्त असतो. दुसरा सेल व्होल्ट वाढवतो तसा रोधही वाढवतो, त्यामुळे धारा थोडीच वाढते. वर्ग हुशार असेल तर परिपथात 2.2 ओहम, 5 वॅटचा एक रेझिस्टर मालिकेत घाला. क्लिपा कमी उचलल्या जातील, पण वेढे बदलले तरी धारा जवळजवळ तीच राहील आणि सेलही टिकेल. त्यासाठी दोन सेल लागतील. धारा पाऊण ॲम्पिअरच्या आसपास येते. मल्टिमीटरने मोजायची असेल तर लाल तार 10 ॲम्पिअरच्या छिद्रात घाला, नाहीतर आतला फ्यूज जातो.

दुसरी गोम गाभ्याची. सेल तोडल्यावरही दोन-चार क्लिपा खिळ्याला लटकत राहतात, आणि क्लिपाही हळूहळू चुंबकित होतात. प्रत्येक फेरीनंतर खिळा बाहेर काढून, पूर्व-पश्चिम धरून दोन-तीनदा ठोकायला सांगा. उत्तर-दक्षिण धरून ठोकला तर पृथ्वीचं क्षेत्रच त्याला थोडं चुंबकित करतं. मग काँक्रीटचा एक खिळा मुद्दाम द्या. सेल तोडूनही क्लिपा सोडत नाही तो खिळा भंगार उचलणाऱ्या क्रेनला का चालणार नाही, याचं उत्तर मुलं स्वतः देतात, आणि नरम लोखंड हा पाठातला शब्द तेव्हा कामाचा वाटू लागतो.

इंग्लिश संशोधक विल्यम स्टर्जन यांनी 1820 च्या दशकात विद्युतचुंबक बनवताना नालेच्या आकाराच्या लोखंडाला वॉर्निश लावून त्यावर उघडी तार विरळ गुंडाळली होती. पुढे अमेरिकी शास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी तारेलाच आवरण घातलं, त्यामुळे वेढे खेटून आणि थरांवर थर बसवता आले, आणि ओढ कितीतरी वाढली. हे सांगायचं ते मुलांचे हात वेढे घालून दुखल्यानंतर. तारेवरचं इनॅमल कशाला, हा प्रश्न तोवर कोणीतरी विचारलेला असतो.

दोन जोडून तासिका मिळाल्या तर एवढं होतं. तिसरी मिळाली तर विजेची घंटा करा, पण तिची पट्टी हॅक्सॉच्या पात्याची करू नका. पातं कडक पोलादाचं असल्याने खिळ्यालाच चिकटून बसतं. तेलाच्या जुन्या पत्र्याच्या डब्यातून 1 सेंटिमीटर रुंद पट्टी कापा, कडा घासून बोथट करा आणि खिळ्याच्या डोक्यापासून 2-3 मिलिमीटरवर बसवा. खिळ्याच्या डोक्यावर कागदाचा एक तुकडा चिकटवला तर पट्टी अडकत नाही.