सॅटर्न-ड्रीमकास्टचा सेल बदलताय? या चुका टाळा

सॅटर्न आणि ड्रीमकास्ट हे सेगाचे जुने गेम कन्सोल. पहिली चूक माझीच सांगतो. ड्रीमकास्ट दर वेळी तारीख-वेळ विचारायला लागला म्हणून मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो, काउंटरवरच्या दादांना म्हटलं ३ व्होल्टचा गोल सेल द्या, त्यांनी सीआर२०३२ काढून दिला, मी पण घरी येऊन होल्डर लावून त्यात टाकला आणि खूश. महिनाभराने सहज उघडलं तर सेलचं पोट फुगलेलं आणि कडेला पांढरी खरपुडी.

झालं काय, तर ड्रीमकास्टमधला मूळ सेल असतो एमएल२०३२, म्हणजे रिचार्जेबल. कन्सोल चालू असताना बोर्ड त्याला चार्ज करतो. सीआर२०३२ दिसायला सेम टू सेम, २० मिलिमीटर, ३ व्होल्ट, पण त्याला चार्ज केलेलं चालत नाही. म्हणून एमएलच मागा. नाहीच मिळाला तर सीआरच्या प्लसला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट) जोडा, डायोडवरची पट्टी बोर्डाकडे. रिचार्जेबल पाहिजे ना म्हणून कोणी एलआयआर२०३२ देईल तर घेऊ नका, तो ३.६ व्होल्टचा.

आणि आधी बघा की सेल मेला म्हणून गेमच्या सेव्हला काही होतंय का. ड्रीमकास्टमध्ये तो फक्त घड्याळासाठी, सेव्ह व्हीएमयूमध्ये (कंट्रोलरमध्ये बसतं ते मेमरी कार्ड), ते पण फ्लॅश मेमरीत, व्हीएमयूचे दोन्ही सेल संपले तरी जात नाहीत. चालू करताना ती लांब पीऽऽऽप येते ना, ती व्हीएमयूच्या सेलची. त्यासाठी अख्खा कन्सोल खोलून बसलेले लोक मी बघितलेत!

सॅटर्नचं बरोबर उलटं. त्यात साधा सीआर२०३२च लागतो, मागचं झाकण उघडलं की समोरच, स्क्रू नाही सोल्डर नाही. पण कन्सोलमधले सेव्ह त्याच सेलच्या जिवावर असतात, कन्सोल बंद करून सेल काढला की सगळं साफ. त्यामुळे आधी मेमरी मॅनेजरमधून बॅकअप कार्ट्रिजवर कॉपी करा, मग सेलला हात लावा. नवीन सेल टाकल्यावर एकदा भाषा-तारीख विचारणारच, ते नॉर्मल. रोज विचारत असेल तर सेल काढून मल्टीमीटरवर बघा, नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. आकडा बरोबर असेल तर सेलला टेकणाऱ्या पत्र्या इअरबडला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून पुसा, आपल्या इकडच्या पावसाळ्यात त्यांच्यावर हिरवट थर चढतोच.

ड्रीमकास्टच्या सोल्डरबद्दल एकच, सेलच्या अंगावर डायरेक्ट गन टेकवायची नाही, तापून फुटतो. पत्री जोडलेला सेल घ्या नाहीतर बोर्डवर होल्डर बसवा.

ड्रीमकास्ट खोलताना प्लग आधी काढा, आत पॉवर सप्लायचा बोर्ड उघडाच असतो. चौथा स्क्रू मोडेमखाली लपलेला असतो, तो न काढता झाकण ओढाल तर प्लास्टिक तुटेल (तुटलं, विचारू नका).

सगळं बंद केल्यावर कंट्रोलरच चालत नाही? घाबरू नका. सेल ज्या बोर्डवर आहे त्याच बोर्डवर कंट्रोलरचे पोर्ट, त्याची केबल नीट दाबून बसवा. तरीही नाही तर तिथेच एफ१ लिहिलेला छोटा फ्यूज आहे, प्लग काढून मल्टीमीटरची कंटिन्युइटी लावा, बीप नाही आला तर तो उडालाय.