आधी रिमाइंडर वाजतो का ते बघा

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझा परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला. विसरलो नव्हतो. फोनमध्ये रीतसर टाकलं होतं, 'एक्झाम फॉर्म, सकाळी १०'. दुसऱ्या दिवशी रात्री सहज ॲप उघडलं, तेव्हा तो रिमाइंडर टिंग करून वाजला. तारीख उलटून गेली होती. लेट फी भरली, ऑफिसच्या खिडकीवर बोलणी खाल्ली, ते वेगळंच.

त्यामुळे नवीन मुलं "कामांची यादी ठेवायला कोणतं ॲप घेऊ?" असं विचारतात, तेव्हा मी आधी त्यांचा फोन मागतो. बरेच फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप्स गुपचूप झोपवतात, आणि झोपलेलं ॲप तुम्हाला काय उठवणार? सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या पानावर बॅटरीचा पर्याय असतो, तो 'अनरिस्ट्रिक्टेड' करायचा. काही फोनांत 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तेही चालू करायचं. अँड्रॉइड १३ पासून नवीन ॲप नोटिफिकेशनची परवानगी विचारतं. तिथे घाईत 'नाही' दाबलं गेलंय का, तेही बघायचं. मग रात्री झोपताना सकाळी सातचा एक खोटा रिमाइंडर लावायचा. दहा मिनिटांनंतरचा लावून कळत नाही, तेवढ्यात फोन गाढ झोपत नाही. सकाळी वाजला, तरच ते ॲप पुढच्या फेरीत.

आता नावं. कॉलेजचे सगळे मेल जीमेलवर येत असतील तर गुगल टास्क्सपासून सुरुवात करा. दिसायला अगदी साधं, पण पूर्ण फुकट. मेलवरूनच काम यादीत टाकता येतं आणि तारीख घातली की ते कॅलेंडरमध्ये लेक्चरच्या शेजारी दिसतं. मायक्रोसॉफ्ट टू डू हेही फुकटच. त्यातलं 'माय डे', म्हणजे फक्त आजच्या कामांचं पान, मला आवडतं, कारण ते रोज रात्री रिकामं होतं. राहिलेली कामं मूळ यादीत असतातच. सकाळी त्यातली आजची चार उचलून पुन्हा ठेवावी लागतात. तेवढ्या दोन मिनिटांत दिवसाचा अंदाज येतो.

टोडोइस्टमध्ये फुकटात पाचच प्रोजेक्ट, म्हणजे वेगवेगळ्या याद्या, मिळतात. विषय सहा, त्यात क्लास आणि घर, म्हणजे पहिल्याच दिवशी गणित बिघडतं. मी विषयवार प्रोजेक्ट केलेच नाहीत. 'कॉलेज' असा एकच ठेवला आणि विषयांना लेबलं लावली. वाक्यातून तारीख ओळखण्याची त्याची सोय छान आहे, पण ती मराठीसाठी नाही. 'डीबीएमएस जर्नल टुमारो ५ पीएम' असं इंग्रजीत लिहा, तारीख लागते. 'उद्या पाच वाजता' ही मात्र नुसती अक्षरं राहतात. टिकटिकमध्ये पोमोडोरोचं (ठराविक वेळ अभ्यास, मग छोटी सुट्टी) घड्याळ फुकट आहे, पण कॅलेंडरच्या मांडणीला पैसे पडतात.

नोट्स, तक्ते, याद्या सगळं एकाच ठिकाणी ठेवणाऱ्या नोशनबद्दल सगळे विचारतात. मीही एका सुट्टीत सहा विषयांचे रंगीत तक्ते केले, प्रत्येकाला चित्र लावलं, अटेंडन्सची टक्केवारी आपोआप निघेल असं सूत्र बसवलं. आठवडा गेला. अभ्यास किती झाला म्हणाल तर शून्य. यात नोशनचा काही दोष नाही. नोट्स ठेवायला ते उत्तमच आहे, पण 'उद्या झेरॉक्स आणणे' लिहायला मला राजवाडा लागत नाही.

ग्रुपचा मिनी प्रोजेक्ट असेल तर हिशेब बदलतो. गुगल टास्क्समधली स्वतःची यादी दुसऱ्यांना वापरायला देता येत नाही. टू डूची देता येते, पण समोरच्याकडे मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. ट्रेलोचा फळा चौघांत बरा: करायचं, चालू, झालं असे तीन रकाने, आणि कोणाचं कार्ड तीन आठवडे हललेलं नाही हे सगळ्यांना दिसतं. आमच्यात एक कार्ड माझंच होतं.

आणखी एक, यादी बाहेर काढता येते का ते बघून ठेवा. वंडरलिस्ट नावाचं गाजलेलं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. टू डूमध्ये याद्या हलवायची सोय दिली होती, पण ती वेळेत करावी लागणार होती. गुगलमधली कामं टेकआउटमधून, म्हणजे गुगलच्याच डेटा उतरवायच्या सोयीतून, घेता येतात.

ॲपपेक्षा माझी जास्त फजिती झाली ती कामं लिहिण्यात. 'स्कॉलरशिप' एवढंच लिहिलं होतं. रोज दिसायचं, रोज पुढे ढकलायचो, कारण त्यातलं पहिलं पाऊल कोणतं हेच माहीत नव्हतं. शेवटी बसून फोडलं. महाडीबीटी या सरकारी स्कॉलरशिप पोर्टलच्या फॉर्मला उत्पन्नाचा दाखला लागतो. मागच्या वर्षीचा ३१ मार्चला संपला. नवा गावी सेतूत अर्ज टाकून काढायचा होता, त्याला काही दिवस जाणार, आणि मी तर हॉस्टेलवर. म्हणजे आजचं काम काय, तर 'आईला फोन करून दाखल्याचं सांगणे'. तीन मिनिटांचं काम दीड महिना अडकलं होतं. तेव्हापासून यादीत नाम नाही, क्रियापद लिहितो. 'जर्नल' नाही, 'प्रयोग ४ चा आलेख काढून सरांची सही घेणे'. सर मंगळवारीच सापडतात, म्हणून तारीख सबमिशनची नाही, मंगळवारची.

दाखल्याचं ते काम मी दरवर्षी १ एप्रिलला परत येईल असं लावून टाकलं. माझं शिक्षण संपलं तरी ते अजून वाजतं. काढलेलं नाही, धाकटा भाऊ आता डिप्लोमाला आहे. मी त्याला स्क्रीनशॉट पाठवतो, तो अंगठा दाखवतो आणि आईला फोन मीच करतो.